यज्ञचक्र आणि नर्मदातीरीचे बांध

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात भगवान् श्रीकृष्णांनी अर्जुनाला एक चक्र दाखविले आहे. प्राणी अन्नापासून होतात, अन्न पावसापासून, पाऊस यज्ञापासून आणि यज्ञ कर्मापासून. यांतील पहिले दोन दुवे कोणासही पटतात. पुढच्या दोन दुव्यांपाशी मात्र आजचा सुशिक्षित वाचक अडखळतो. मनुष्याच्या कर्माने आकाशातला पाऊस कसा ठरेल, अशी शंका त्याच्या मनात येते आणि हा भाग जुन्या समजुतीचा म्हणून तो पान उलटतो.

परंतु याच ठिकाणी भगवंतांनी एक कठोर शब्द वापरला आहे. देवांनी दिलेले त्यांस परत न देता जो एकटाच भोगतो, तो चोर होय, असे ते म्हणतात. यज्ञाचा गाभा तुपात किंवा समिधांत नाही, तो परत देण्यात आहे, हे या एका शब्दावरून उघड होते. जेथे घेतलेले परत दिले जाते तेथे यज्ञ चालू आहे. जेथे नुसते घेतले जाते तेथे चोरी चालू आहे, मग घरात नित्य होम होत असला तरी!

या यज्ञाचे एक उदाहरण जबलपूरच्या आसपास, नर्मदेच्या खोऱ्यात पाहावयास मिळते. तेथील काळ्या, जड जमिनीत शेतकरी पिढ्यान् पिढ्या ‘हवेली’ नावाच्या पद्धतीने शेती करीत आले. येथे हवेली म्हणजे वाडा नव्हे. चहूंकडून मातीचे उंच बांध घातलेले शेत. पावसाळ्याचे पाणी त्यात अडवावयाचे व आश्विनाच्या सुमारास पेरणीपूर्वी सोडून द्यावयाचे. चार महिने पाणी उभे राहिल्याने कांसासारखे चिवट गवत कुजून जाई, वाहून येणारा गाळ शेतातच बसे आणि जमीन खोलवर भिजे. त्या ओलीवर गहू व हरभरा बहुधा पुढे पाणी न देता पिकत असे.

या व्यवस्थेत पाण्यापेक्षाही मोलाची गोष्ट आहे. वरच्या शेताचे पाणी खालच्या शेतातून जाते, म्हणून कोणालाही आपला बांध मनास येईल तेव्हा फोडता येत नसे. कोणी केव्हा पाणी सोडावे हे सर्वांनी मिळून ठरवावयाचे. पाणी घ्यावे, काही काळ सांभाळावे, आपली भूमी तृप्त झाली की शेजाऱ्याकडे जाऊ द्यावे. परस्परांचे पोषण करीत श्रेय मिळवा, हा भगवंतांचा आदेश येथे पोथीत न राहता बांधावर उतरला होता.

जबलपूर शहराचीही हीच परंपरा आहे. राणीताल, चेरीताल आणि आधारताल हे तीन तलाव राणी दुर्गावतीच्या काळचे मानले जातात. पहिला राणीच्या नावाचा, दुसरा तिच्या दासीच्या, तिसरा मंत्री आधारसिंहाच्या. चेरी म्हणजे दासी. राणी असो वा दासी, पाणी साठविण्याच्या पुण्यात दोघींचे नाव सारख्याच मानाने राहिले. लोकसंग्रह हा केवळ थोरांचा अधिकार नव्हे, हेच यातून शिकावयाचे. आज राणीताल म्हटले की नगरवासीयांना क्रीडांगण आठवते.

शेतातले बांधही पुढे ठिकठिकाणी फुटले. सोयाबीन आले, ते पावसाळ्यात येते व त्यास साचलेले पाणी सोसत नाही. एका पिकाच्या जागी दोन पिके आणि हाती रोकड, यासाठी शेतकऱ्याने बांध मोडले. त्यास दोष देण्याचा अधिकार कोणाला आहे? ज्याच्या घरी मुलांचे शिक्षण व सावकाराचे देणे उभे आहे, त्याने हिशेब केला तर तो अधर्म नव्हे. दोष त्या समाजाचा, ज्याने शेतकऱ्याचे पीक विकत घेतले, पण भूमीत मुरविलेल्या पाण्याचे मोल त्यास कधी दिले नाही.

आता मूळ शंकेकडे वळू. भूगर्भात कोट्यवधी वर्षे साठलेला कोळसा व तेल मनुष्याने दोन-अडीच शतकांत जाळावयास काढले. यंत्रयुगापूर्वी हवेच्या दहा लक्ष भागांत कर्बवायूचे सुमारे २८० भाग होते. आज ते ४२० हून अधिक आहेत. पृथ्वीचे सरासरी तापमान एक अंशाहून अधिक वाढले आहे. हवा एक अंशाने तापली की सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते. म्हणून पाऊस येतो तेव्हा कोसळतो आणि मधले दिवस कोरडे जातात. २०२२ चा मार्च भारतात, नोंदी ठेवू लागल्यापासूनच्या १२२ वर्षांतला सर्वांत उष्ण मार्च ठरला. दाणा भरण्याच्या वेळीच गहू होरपळला आणि मे महिन्यात सरकारला गव्हाची निर्यात थांबवावी लागली. कर्माचा पावसाशी आणि पावसाचा अन्नाशी संबंध आहे की नाही, याचे उत्तर मनुष्याने चक्र उलटे फिरवून स्वतःच मिळविले आहे.

यावर कोणी म्हणेल, “कोळसा सोडून पाण्यापासून व उन्हापासून वीज घेतली की झाले. मग कोणाचे ऋण उरले?” हा विचार अर्धाच खरा आहे. कोळसा सोडलाच पाहिजे. रीवा जिल्ह्यात ७५० मेगावॅटचा सौर प्रकल्प २०२० मध्ये राष्ट्रास अर्पण झाला, हे शुभच आहे. परंतु जबलपूरजवळच नर्मदेवरील बरगी धरणाकडे पाहावे. ते १९९० मध्ये पुरे झाले. तेथील मुख्य जलविद्युत् केंद्र ९० मेगावॅटचे आहे. त्यात धूर नाही, राख नाही. पण त्या जलाशयाने जबलपूर, मंडला व सिवनी या जिल्ह्यांतील १६२ गावांना झळ पोचविली. जमिनीचे धनी असलेले कित्येक जण जबलपूरच्या रस्त्यांवर सायकलरिक्षा ओढू लागले. दिवा लावणाऱ्याच्या घरी प्रकाश स्वच्छच होता, पण त्यामागचे ऋण कोणी मोजले नव्हते.

तेव्हा धूर नाही एवढ्याने शक्ती निर्मळ होत नाही. तिच्यासाठी ज्याने गमावले त्यास परत मिळेल तेव्हाच ती निर्मळ होते. सूर्याच्या विजेलाही जमीन लागते, काच व धातू लागतात, आणि जुन्या पट्ट्यांची विल्हेवाट कोणाला तरी लावावी लागते. ऋणमुक्त असा कोणताही भोग नाही. गीता भोग टाकावयास सांगत नाही. अगोदर वाटा काढून ठेवा व उरलेले प्रसाद म्हणून घ्या, असे सांगते.

यास्तव साधकाने रोज तीन गोष्टींचा विचार करावा. ताटात आलेले अन्न कोणाच्या पाण्यावर पिकले? घरातला दिवा कोणाच्या त्यागावर जळतो? आणि यांपैकी कोणास आज काय परत गेले? छपरावरचे पाणी जमिनीत मुरविणे, ताटातला घास वाया न घालविणे, बांध राखणाऱ्या शेतकऱ्याला दोन पैसे अधिक देणे, विस्थापिताच्या न्यायासाठी उभे राहणे, ही सर्व त्या परतफेडीचीच रूपे आहेत. ग्वारीघाटावर नर्मदेची आरती अवश्य करावी. पण तिच्याकडून जेवढे घेतले त्याची आठवण ठेवून करावी. चक्र फिरविणारा हात प्रत्येकाला दिलेला आहे. तो केवळ घेण्यासाठी पसरला तर चोराचा, आणि देण्यासाठी उघडला तर यज्ञ करणाऱ्याचा ठरतो.