रेघ कोणी ओढावी?

एकत्र कुटुंबाच्या वाड्याची वाटणी होताना भांडण चौरस फुटांवरून क्वचितच होते. ते होते विहीर कोणाकडे गेली, देवघराची भिंत कोणत्या बाजूस आली आणि माडीचा जिना कोणाच्या ओसरीतून चढणार, यावरून. क्षेत्रफळ तंतोतंत समान असूनही वाटा अन्यायाचा वाटू शकतो. जनगणनेनंतर शहराचे वॉर्ड नव्याने आखले जातात, तेव्हा हाच प्रश्न नगराच्या मापाने उभा राहतो. जनगणनेचा संदर्भदिनांक आता १ मार्च २०२७ असा जाहीर झाला आहे. तिचे आकडे प्रसिद्ध झाले, की आपल्या शहरांत रेघा पुन्हा ओढल्या जातील. त्या ओढल्या जाण्यापूर्वीच या प्रश्नाचा विचार केलेला बरा, कारण रेघ उमटल्यावर प्रत्येकाला आपल्या बाजूचाच न्याय दिसू लागतो.

१९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना घटनेत स्थान दिले. ‘लोकसंख्या’ म्हणजे ज्या मागील जनगणनेचे आकडे प्रसिद्ध झाले आहेत तिच्यातील लोकसंख्या, अशी व्याख्याही तिने केली. २०२१ ची जनगणना झालीच नाही. त्यामुळे इंदूर-ग्वाल्हेरात २०२२ मध्ये झालेल्या महापालिका निवडणुकांना आधार २०११ च्याच आकड्यांचा होता. गणतीच्या वेळी सात वर्षांचे असलेले मूल तोवर मतदार झाले होते. इतका जुना हिशेब पुढे चालवणे हा स्वतःच एक अन्याय आहे, मात्र तो कोणी मुद्दाम केल्यासारखा दिसत नाही आणि म्हणूनच सहज सहन केला जातो.

समान संख्येचे तत्त्व कोरडे वाटते खरे, परंतु त्याची गरज कशी उत्पन्न झाली हे पाहण्यासाठी अमेरिकेतील टेक्सास राज्याचे एक उदाहरण घेण्यासारखे आहे. तेथील मिडलंड कौंटीचा कारभार चार विभागांतून निवडलेले चार आयुक्त आणि एक प्रमुख पाहत. एका विभागात जवळजवळ सगळे मिडलंड शहर, म्हणजे ६७,९०६ माणसे होती. उरलेल्या तीन ग्रामीण विभागांत अनुक्रमे ८५२, ४१४ आणि ८२८. चौघांचे मत मात्र सारखेच. या रचनेच्या समर्थनार्थ जमिनीचे क्षेत्र, रस्त्यांची लांबी, करपात्र मालमत्ता अशी कारणे पुढे आली. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली ती रचना अमान्य केली आणि समान लोकसंख्येचे तत्त्व स्थानिक संस्थांनाही लागू केले. ज्या कोणाला डोकी मोजण्याचा तिटकारा वाटतो, त्याने हे चार आकडे एकदा शेजारीशेजारी लिहून पाहावेत. जमीन मत देत नाही, आणि जुनेपणही मत देत नाही.

हे शेवटचे वाक्य आपल्यालाच उद्देशून आहे. इंदूरचे रामबाग, ग्वाल्हेरचे लष्कर, बडोद्याचा दांडिया बाजार, हैदराबादचे काचिगुडा येथे आपली घराणी पिढ्यान्‌पिढ्या नांदली. शहर कडेकडेने वाढते. मध्यभागी घरांची दुकाने होतात, मुले बाहेर जातात. इंदुरात २०१४ साली २९ गावे हद्दीत आली आणि वॉर्डांची संख्या ६९ वरून ८५ झाली. अशा वेळी जुन्या वस्तीचा सभागृहातला वाटा घटणे हा गणिताचा परिणाम आहे, कोणाचे कारस्थान नव्हे. ‘आमचा वॉर्ड मोडला’ ही तक्रार आपल्या बैठकींतून ऐकू येते, तेव्हा तिच्यात दोन निरनिराळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. एक, पूर्वी आपल्या संमतीवाचून तेथे कोणी निवडून येत नसे, ते आता येते. दुसरी, आपले म्हणणे ऐकणारे आता कोणीच उरले नाही. पहिल्या गोष्टीत वर्चस्व गेले आहे, आणि वर्चस्वावर कोणाचाच नैतिक हक्क नसतो. दुसऱ्या गोष्टीत आवाज गेला आहे. त्याची दखल घ्यावीच लागेल.

आवाज कसा जातो, हे नकाशाच्या तांत्रिक भागात पाहावे लागते. वॉर्ड ज्या विटांनी रचला जातो ती वीट म्हणजे जनगणनेचा प्रगणक गट, साधारण सहाशे ते आठशे माणसांचा. महाराष्ट्रात महापालिकेचे प्रभाग उत्तरेकडून आखण्यास आरंभ करतात आणि सरासरीच्या दहा टक्के वर किंवा खाली इतकी सूट असते. बडोद्यात १९ वॉर्ड आणि प्रत्येकी चार नगरसेवक, तर ग्वाल्हेरात ६६ वॉर्ड आणि प्रत्येकी एक, अशी प्रत्येक ठिकाणची तऱ्हा वेगळी. पण विटा रचणाऱ्याला सर्वत्र थोडी मोकळीक असतेच. त्या मोकळिकीत एक पेठ अखंड ठेवता येते, किंवा तिचे तीन तुकडे करून तीन मोठ्या वॉर्डांच्या शेपटांना जोडता येतात. दोन्ही नकाशे संख्येच्या कसोटीला उतरतील. विहीर कोणाकडे गेली हे संख्या सांगत नाही.

मग भाषा पाहून रेघ ओढावी काय? आमचे स्पष्ट मत असे, की ओढू नये. जनगणनेत प्रत्येकाची मातृभाषा नोंदवली जाते, पण वॉर्ड ठरवताना विचारात घेतात ती एकूण लोकसंख्या आणि अनुसूचित जाती-जमातींची संख्या. हे योग्यच आहे. १९०९ च्या सुधारणांनी मुसलमानांस विभक्त मतदारसंघ दिले. पुढे तो मार्ग किती दूरवर गेला हे आपण जाणतो, आणि स्वतंत्र भारताने तो विचारपूर्वक सोडला. भाषिक अल्पसंख्याकांसाठी घटनेने १९५६ मध्ये जी तरतूद केली, तिच्यात मातृभाषेतून प्राथमिक शिक्षण आणि भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी या गोष्टी आहेत, राखीव जागा नाहीत. मराठी माणसासाठी मराठी वॉर्ड मागणे म्हणजे शेजाऱ्याला ‘तू येथला नव्हेस’ असे म्हणणे. ज्यांचे पूर्वज स्वतः परप्रांतातून येऊन त्या गावचे झाले, त्यांच्या तोंडी तर ते मुळीच शोभत नाही.

परंतु भाषा पाहून रेघ ओढणे जितके गैर, तितकेच भाषा पाहून वस्ती फोडणेही गैर. अडचण ही की हेतू नकाशावर दिसत नाही. नकाशा करणारा नेहमी नाल्याकडे, रेल्वेमार्गाकडे किंवा दहा टक्क्यांकडे बोट दाखवू शकतो. तेव्हा आपल्या हाती उरते ती रीत पाहणे. वाटणीची जुनी शहाणी रीत अशी, की वाटे पाडणाऱ्याने शेवटी उचलावे. वॉर्डांच्या बाबतीत उचलण्याचा प्रसंगच येत नाही. म्हणून वाटे पाडणाऱ्याला त्यांत काही हितसंबंधच नसावा, एवढाच मार्ग राहतो.

आपली व्यवस्था या कसोटीला पुरती उतरत नाही. उज्जैनचा लोकसभा मतदारसंघ राखीव झाला, त्याविरुद्ध तेथील एक मतदार मेघराज कोठारी सर्वोच्च न्यायालयात गेले. १९६६ साली निर्णय झाला, की परिसीमन आयोगाचा आदेश राजपत्रात प्रसिद्ध झाल्यावर त्याला कायद्याचे बळ येते आणि तो न्यायालयात आव्हानित करता येत नाही. नगरपालिकांच्या बाबतीतही घटनेत तसाच प्रतिबंध आहे. कारण समजण्यासारखे आहे, नाहीतर एकही निवडणूक वेळेवर होणार नाही. २०२४ मध्ये गुजरातेतील बारडोलीच्या प्रकरणात न्यायालयाने हे दार किंचित किलकिले केले: आदेश उघड मनमानीचा आणि घटनेच्या मूल्यांशी विसंगत असेल, तर तपासणी होऊ शकेल. पण दाराचे महत्त्व ते बंद असण्याइतकेच आत कोण बसले आहे यावर असते. गोव्यात राज्य निवडणूक आयुक्तपदाचा कार्यभार सरकारच्या कायदा सचिवाकडे होता. नगरपालिकांच्या आरक्षणाचा वाद मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात पोहोचला, तेव्हा न्यायालयाने बजावले, की सरकारी पदावरील व्यक्तीकडे हा कार्यभार देता येणार नाही. आयुक्त स्वतंत्रच हवा. आमच्या मते या विषयावरचे हे सर्वांत मोलाचे निकालपत्र आहे आणि त्याची चर्चा फार थोडी झाली.

बेळगावकर येथे आम्हांस अडवतील, आणि त्यांनी अडवावे. सीमाप्रश्नात आपण खेडे हा घटक, भौगोलिक सलगता आणि भाषिक बहुसंख्या ही सूत्रे मांडतो. मग वॉर्डात भाषा वर्ज्य कशी? आमचे उत्तर असे, की राज्याच्या सीमेने कचेरीची भाषा आणि शाळेची भाषा ठरते, म्हणून तेथे भाषेचा विचार अप्रस्तुत नाही. वॉर्डाच्या रेघेने ठरतात ती गटारे, नळ आणि दिवे. हे उत्तर इंदुरात पुरते. बेळगावात पुरत नाही. तेथील महापालिकेने २००५ साली महाराष्ट्रात विलीन होण्याचा ठराव केला आणि कर्नाटक सरकारने ती बरखास्त केली. महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या दाव्यात जे सरकार प्रतिवादी आहे, त्याच सरकारच्या अधिसूचनेने तेथील ५८ वॉर्डांच्या रेघा ठरतात. ते अधिकारी प्रामाणिक असतील, नकाशा निर्दोषही असेल. तरी पक्षकारानेच मोजणीदार असावे, ही रीत कोणत्याही कुटुंबात कोणी मान्य करणार नाही. बेळगावच्या मराठी माणसाने मराठी वॉर्ड न मागता रेघ ओढणारा तटस्थ मागावा. ही मागणी तेथील कन्नड शेजाऱ्यालाही नाकारता येण्यासारखी नाही, कारण उद्या पारडे फिरले तर तिचा आधार त्यालाही लागेल.

प्रारूप नकाशा प्रसिद्ध झाल्यावर हरकतींसाठी मिळणारे दिवस मोजकेच असतात. हरकतीत ‘मराठी मते विखुरली’ असे लिहिले, तर तिला कायद्यात उत्तर देण्याचीही गरज नाही. ‘एकाच नाल्याचे पाणी ज्या चार गल्ल्यांत शिरते, त्या तीन वॉर्डांत गेल्या; शाळा एकीकडे आणि तिची मुले दुसरीकडे’ असे प्रगणक गटांच्या क्रमांकांसह लिहिले, आणि त्यावर त्या गल्ल्यांतील हिंदी, कन्नड, तेलुगू, गुजराती शेजाऱ्यांच्याही सह्या घेतल्या, तर सुनावणी घेणाऱ्याला नकाशा पुढे ओढून तो नाला शोधावा लागतो.