मगर गेली, गाळ राहिला

बडोद्याच्या रावपुऱ्यात, १८९६ साली बांधलेल्या चिमणाबाई टॉवरपासून हाकेच्या अंतरावर एक आजोबा, आजी आणि त्यांचा कॉलेजात शिकणारा नातू राहत होते. नातवाकडे नवी मोटरसायकल होती.

२०२४ च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्रीला पूर आला. नदीतल्या मगरी वस्तीत शिरल्या. त्या दिवसांत नातू गाडी अशी चालवायचा, की मागून सायकलवाला घंटी वाजवी. पाण्याखाली खड्डा असेल, नाहीतर मगर! पुढे पाणी ओसरलं. मगरी वनखात्याच्या माणसांनी पकडून नेल्या. गाळ मात्र वाळून भुकटी झाला आणि गाड्यांच्या चाकांना लागून शहरभर पसरला.

आश्विन आला. आभाळ स्वच्छ, रस्ते कोरडे. नवरात्रात रोज रात्री गरबा. नातू हेल्मेट कोपरात अडकवून सुसाट जाऊ लागला.

“जरा हळू रे,” आजोबा म्हणाले.

“आजोबा, पावसाळा संपला!”

आजोबांनी कोपऱ्यावरच्या वळणावरून मूठभर रेती आणली आणि झोपाळ्याखालच्या गुळगुळीत फरशीवर पसरली. “चप्पल घालून ये, आणि इथे पटकन वळ.”

नातू वळला, पाय सटकला. झोपाळ्याची कडी धरली म्हणून वाचला. “पावसात तू रस्त्याला भीत होतास,” आजोबा म्हणाले. “पाऊस गेला, तशी भीतीही गेली. पण पावसाने रस्त्याचं जे केलं, ते अजून तिथेच आहे.”

नातू हसला आणि गेला. तरुण पोरं फरशीवरचं फरशीवरच ठेवतात.

विलायती पुस्तकांत शरदातला रस्ता ओल्या पानांनी निसरडा होतो. आपल्याकडे पानगळ माघ-फाल्गुनात. शरदात असते ती उखडलेली खडी, रेती आणि पहाटेचं दव.

अष्टमीच्या रात्री एक वाजता, गरब्याने पाय जड झालेले, डोळे पेंगुळलेले, अशा अवस्थेत नातू त्याच वळणावर आला. समोर गाय बसली होती. त्याने पुढचा ब्रेक दाबला. चाक रेतीवरून सरकलं, गाडी आडवी झाली. वेग बेताचा होता म्हणून गुडघा आणि कोपर सोलण्यावर भागलं. हेल्मेट गडगडत गायीपर्यंत गेलं. गाय काही उठली नाही.

सकाळी गॅरेजवाल्या मिस्त्रीकाकांनी वाकलेलं हँडल सरळ करता करता आपला तळहात पुढे केला. “टायर रस्त्याला टेकतो तो एवढाच, किंवा याहूनही कमी. तेवढ्यात रेती आली, की ब्रेक कशाला धरणार? ब्रेक वळणाच्या आधी मारायचा, गाडी सरळ असताना. चाळिसाच्या वेगात ब्रेक दाबेपर्यंतच्या एका सेकंदात अकरा मीटर जातात. झोपेत तर तो सेकंद लांबतो.”

दसऱ्याला आजीने पूजेची तयारी केली. गाडी धुतलेली होती. हँडलवर हेल्मेट होतं, त्याचा पट्टा नवा. पण कोपऱ्यातली केरसुणी सापडेना. नातूही दिसेना.

आजी रस्त्यापर्यंत आली. नातू लंगडत लंगडत वळणावरची रेती कडेला लोटत होता. बाजूने एक मुलगा भरधाव गेला. “एय, काका, बाजूला!” असं ओरडला.

घरी आल्यावर नातवाने केरसुणी झटकून गाडीपाशी टेकवली. गाडीला हार घालून झाल्यावर झेंडूचा एक हार उरला. तो आजीने केरसुणीला घातला.