अभ्यास दोघांचा, वैराग्य माझं



आजचा श्लोक : गीता, अध्याय ६, श्लोक ३५.

मन वाऱ्यासारखं आहे, मला ते आवरत नाही, अशी तक्रार अर्जुनाने आधीच्या श्लोकात केली आहे. भगवंत ती खोडून काढत नाहीत. कठीण आहे, हे मान्य करतात आणि दोन उपाय देतात : अभ्यास आणि वैराग्य.

आमच्या घरी या दोन शब्दांशी रोज गाठ पडते. माझ्या धाकट्या बहिणीला नवव्या वर्षी अपघातात मेंदूला मार बसला. आज ती एकवीस वर्षांची आहे.

अभ्यास काय असतो ते तिच्याकडे बघून कळतं. मेंदूचा गेलेला भाग सहसा परत येत नाही. पण उरलेला मेंदू सरावाने नव्या जोडण्या तयार करतो. यालाच न्यूरोप्लास्टिसिटी म्हणतात. त्यासाठी तीच कृती पुन्हा पुन्हा करावी लागते, तीही खऱ्या कामातून. म्हणून थेरपीत कधी कधी चांगला हात अडकवून ठेवतात आणि कमजोर हातानेच वाटी उचलायला लावतात. नाहीतर सगळं काम चांगला हातच करतो आणि दुसरा वापरायची सवयच सुटते.

लहान वयात मार बसला की मेंदू लवकर सावरतो, असा एक समज आहे. तो अर्धाच खरा. मुलाचा मेंदू अजून घडत असतो. नियोजन करणं, राग आवरणं ही कामं बघणारा पुढचा भाग तर विशीच्या मध्यापर्यंत घडतो. त्यामुळे चौथीत न दिसलेली अडचण आठवीत समोर येते. लोक म्हणतात, "बरी झाली होती की, आता आळस करते." तो आळस नसतो. थकवाही खरा असतो.

मग ती म्हणते, "दादा, आज नको." अशा वेळी काय करायचं? रेटलं तर जाच, सोडून दिलं तर तिचंच नुकसान.

इथे वैराग्य लागतं. वैराग्य म्हणजे 'झालं ते झालं' म्हणून हात झटकणं नव्हे. तसं केलं तर अभ्यासच बुडेल. मग सोडायचं काय?

एकदा घरात तिचा दुसरीतल्या गॅदरिंगचा व्हिडिओ लागला होता. आत्या म्हणाली, "होईल गं पुन्हा अशीच." रात्री बहिणीने मला विचारलं, "दादा, तुम्हाला ती जास्त आवडायची का?"

'नाही गं' असं तोंडाने म्हणता येतं. पण ते खरं आहे का, हे ती सकाळच्या व्यायामात तपासते. 'ती' परत यावी म्हणून व्यायाम घेतला, तर ही रोज नापासच होणार. आजच्या हिला स्वतःच्या कुर्त्याची बटणं लावता यावीत म्हणून घेतला, तर एक बटण लागलं तरी तो दिवस पुरा झाला. व्यायाम तोच, भाव वेगळा. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना बॅकअप रिस्टोअर करायची सवय. माणसाचं जुनं व्हर्जन कुठे ठेवलेलं नसतं. आणि नऊ वर्षांची बहीण तशीही कुणाचीच राहत नाही.

म्हणजे सोडायचं ते मनातलं चित्र, बहिणीला नाही. हा श्लोक दुसऱ्याचं मन आवरण्यासाठी नाहीच, आपलं मन आवरण्यासाठी आहे. तिचा हात सराव करतो, तेव्हा त्या चित्राकडे धावणारं माझं मन परत आणणं हा माझा सराव. चित्र बाजूला झालं की 'आज नको' नीट ऐकू येतं. थकली असेल तर थांबायचं. कंटाळली असेल तर वीस मिनिटांची पाच करायची, तीही तिला विचारून.

मुक्ताबाईंनी ताटीबाहेर उभं राहून ज्ञानोबांना साद घातली. ताटी मोडली नाही, आणि तिथून निघूनही गेल्या नाहीत. भावंडाचं काम एवढंच असावं.

आज एवढं करून पाहा : ज्याच्यासाठी तुम्ही झटताय, त्याचं कुठलं जुनं चित्र मनात धरून बसला आहात, ते शांतपणे बघा.

राम कृष्ण हरी!