परक्याच्या रानातील काम व प्रभूची सेवा

घेवड्याच्या काढणीचे दिवस होते. कोरेगाव तालुक्यातील एका खेड्यात सायंप्रार्थना आटोपल्यावर एका वयस्क बहिणीने आम्हांस विचारिले, "पाळकसाहेब, दिवसभर दुसऱ्याच्या रानात वाकून घेवडा उपटायचा, सांजच्याला पाठ धरती. तुम्ही म्हणता काम हीच देवाची सेवा. मग ह्या कामात देव कुठं हाय?"

पौलाने कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात चाकरांस जो बोध केला आहे, तो आम्ही त्यांस सांगितला. बाई गप्प राहिल्या; परंतु त्यांचे समाधान झाले नाही, व वाटेने परतताना आमचेही होईना.

ह्याचे कारण उघड आहे. आमच्या वाडवडिलांनी गावची मेलेली ढोरे ओढिली, चावडीवर वेठ केली. आणि हाच तुमचा धर्म, असे त्यांस सांगण्यात येई. १९५८ च्या कायद्याने मुंबई राज्यातील ती वतने रद्द झाली. आता तेच जू पाळकाने प्रभूच्या नावाने पुन्हा मानेवर ठेवावे काय?

घरी येऊन आम्ही ते पत्र पुन्हा वाचिले. चाकरांच्या कर्तव्यापाशी तिसरा अध्याय संपतो, व बहुधा आमचे वाचनही तेथेच थांबते. पण हे अध्याय पौलाने पाडिलेले नव्हेत. लगेच पुढे तो धन्यांकडे वळतो, आणि त्यांच्याही माथ्यावर एक धनी असल्याची आठवण देऊन चाकरांशी न्यायाने वागण्यास बजावितो. हे अर्धे सोडून पहिले अर्धे सांगणे म्हणजे सुवार्ता नव्हे, ती धन्याची वकिली होय.

दोन्ही अर्धे एकत्र वाचिले म्हणजे त्या बहिणीस उत्तर सापडते. प्रभु येशूने सुताराचे काम केले. पौलाने करंथात तंबू शिवून पोट भरिले. म्हणून हातांचे श्रम हीन नव्हेत. साताऱ्यात भाऊराव पाटलांच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राबून शिकली. तेथे श्रम होते, पण हीनता नव्हती. कोरेगावच्या वाघ्या घेवड्यास २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. मालाचे नाव झाले. तो उपटणाऱ्या हातांचे नाव कोणी लिहिले नाही. पण देव ते हात ओळखतो. त्या दाण्याने कोणा लेकराचे पोट भरते, आणि प्रामाणिकपणे केलेले ते काम देवापुढे ठेविलेले अर्पण आहे. ते अर्पण कोणी धनी हिरावू शकत नाही. मात्र त्याने दाबून ठेविलेली मजुरीही देव पाहतो. ती मागणे हा अविश्वास नव्हे.

उपदेशक बंधूंनो, मजुरास धीर द्याल तेव्हा धन्यासही त्याचे कर्तव्य सांगा. आणि ह्याचा आरंभ आपल्या मंडळीतच होवो; कारण आज आपल्यांपैकी काहींची स्वतःची राने आहेत, व त्यांत दुसऱ्यांच्या आयाबहिणी राबतात. रविवारी दानपेटीत हात घालण्यापूर्वी प्रत्येकाने स्वतःस विचारावे: शनिवारची मजुरी आपण चुकती केली आहे ना?