अतिथि कीं गिऱ्हाईक?

देशाटनाचे गुण आपल्या जुन्या कवींनीं पुष्कळ गाइले आहेत. देशाटनाच्या तयारीविषयीं मात्र कोणीं फारसें लिहिलेलें आढळत नाहीं. वस्तुतः सामान्य गृहस्थाचा प्रवास तीन आठवड्यांचा व त्याची तयारी सहा महिन्यांची असते. आणि मनुष्याचा स्वभाव प्रवासांत जितका प्रकट होतो त्याहून तयारींत अधिक होतो, असें आमचें मत आहे. येत्या एप्रिलच्या अखेरीस व्हिएन्ना, व्हेनिस व फ्लॉरेन्स हीं तीन शहरें पाहण्याचें आम्हां पतिपत्नींचें ठरलें आहे. त्या निमित्तानें आमच्या घरांत जो प्रश्न गेले कांहीं महिने चर्चिला जात आहे, तो केवळ आमच्या घरचा नसल्यामुळें वाचकांपुढें मांडावासा वाटतो. परक्या शहरीं जाण्याची तयारी करणें म्हणजे नेमकें काय तयार करणें?

याचें पहिलें उत्तर सरकारी आहे. शेंगेन करारांतील देशांत जाऊं इच्छिणारास आपण कोणत्या रात्रीं कोणत्या गांवीं निजणार हें आधीं लिहून द्यावें लागतें. त्याशिवाय परतीच्या तिकिटाची नोंद, बँकेच्या खात्याचे उतारे, निदान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा आणि बोटांचे ठसे हींहि द्यावीं लागतात. या सर्व कागदांचें तात्पर्य एकच: हा मनुष्य येईल, आपला खर्च आपण करील आणि मुकाट्यानें परत जाईल. यांत अपमान मानण्याचें कारण नाहीं. प्रत्येक घरास दार असतें आणि दारास कडीहि असते. परंतु अशा कागदांच्या संगतींत महिनेच्या महिने घालविल्यानें मनालाहि तेंच वळण लागतें. उफिझी चित्रशाळेचें तिकीट घटकापळांसह ठरतें. व्हिएन्नाच्या संग्रहालयांतील ब्रूगेलच्या बारा चित्रांस किती वेळ द्यावा याचा हिशेब होतो. आणि हळूहळू जें तक्त्यांत नाहीं तें घडूंच नये असें वाटूं लागतें.

आमचा स्वतःचा कल तक्त्याकडे आहे; तीस वर्षें वेळापत्रकावर शिकविणाऱ्या मनुष्याचा तो असावयाचाच. आमच्या पत्नीनें मात्र एके रात्रीं तो तक्ता शांतपणें वाचला आणि विचारलें, "अहो, आपल्याकडे येणाऱ्या पाहुण्यानं आधीं घराचा नकाशा मागवला, कुठल्या खोलींत किती मिनिटं बसायचं तें ठरवलं, आणि देवघर पाहून पानं वाढायच्या आंत निघून गेला, तर त्याला आपण काय म्हणूं?" हा प्रश्न दिसतो त्याहून खोल आहे.

पूर्वतयारीच्या बाजूनें बोलण्यासारखें पुष्कळ आहे. कांट हा तत्त्वज्ञ कोनिग्जबर्गच्या आसपासचा प्रांत सोडून आयुष्यांत कोठें गेला नाहीं; तरी त्यानें सुमारें चाळीस वर्षें भूगोलावर व्याख्यानें दिलीं. लंडनच्या वेस्टमिन्स्टर पुलाचें त्यानें असें हुबेहूब वर्णन केलें कीं, ऐकणाऱ्या इंग्रज गृहस्थास तो तेथें राहून आलेला स्थापत्यज्ञ वाटला, अशी आख्यायिका आहे. उलट गटेच्या फ्रँकफर्टच्या घरांत त्याच्या वडिलांनीं रोमचीं चित्रें टांगलेलीं होतीं. तीं पाहत वाढलेला हा कवि १७८६ सालीं, वयाच्या सदतिसाव्या वर्षीं, रोमला पोंचला, तेव्हां सर्व ओळखीचें आणि तरीहि सर्व नवें असा अनुभव त्यास आला. कांटला जें ज्ञान पुरलें तें गटेला पुरलें नाहीं. पुलाची लांबीरुंदी घरबसल्या कळते. परंतु त्या पुलावरून सकाळीं कामाला जाणाऱ्या माणसाच्या वाटेंतून आपण थोडें बाजूला व्हावें, हें तेथें गेल्यावांचून कळत नाहीं. पहिलें ज्ञान वस्तूचें आहे, दुसरें नात्याचें. तक्ता पहिल्याची तयारी करतो; दुसऱ्यासाठीं त्यांत रकानाच नसतो.

हें नातें कोणतें? ज्याची तिथि ठरलेली नाहीं तो अतिथि, अशी व्युत्पत्ति आपण नेहमीं ऐकतों. त्या दृष्टीनें पाहतां आजचा प्रवासी अतिथि होऊंच शकत नाहीं; त्याच्याजवळ तिथीवांचून दुसरें कांहीं नसतें. परंतु मनुस्मृतींतील व्याख्या निराळी आहे: जो एक रात्र राहतो, ज्याचें राहणें नित्य नसतें, तो अतिथि. गमतीची गोष्ट ही कीं, व्हेनिसच्या नगरपालिकेनें नकळत हीच व्याख्या उचलली आहे. २५ एप्रिल २०२४ पासून ठराविक दिवशीं सकाळीं येऊन संध्याकाळीं परत जाणाऱ्या प्रवाशावर तेथें पांच युरोंची प्रवेशपट्टी बसली. पुढील वर्षीं आयत्या वेळीं येणारासाठीं ती दहा युरो झाली. जो रात्रीं राहतो त्यास ही पट्टी माफ आहे. त्याचा लहानसा कर उतरण्याच्या जागेच्या बिलांतून जातो. ही पट्टी कां बसवावी लागली हें समजण्यास दोन आंकडे पुरेत. १९५१ च्या सुमारास व्हेनिसच्या जुन्या शहरांत पावणेदोन लाख माणसें राहत होतीं. २०२२ पासून तीं पन्नास हजारांहून कमी आहेत. ज्या घरांत यजमानच उरला नाहीं तेथें पाहुणा तरी कोणाचा व्हावयाचें?

यावर कोणी म्हणेल कीं, तीं शहरें प्रवाशांच्याच पैशावर जगतात. त्यांस गिऱ्हाईक हवें आहे, अतिथि नव्हे. आक्षेप खरा आहे, आणि गिऱ्हाईक होण्यांत पाप आहे असें आमचें म्हणणेंहि नाहीं. मात्र दोघांत एक भेद आहे. गिऱ्हाइकाचें कर्तव्य दाम मोजल्यावर संपतें. अतिथीचें तेथून सुरू होतें. ऐन वसंतांत पाऊस पडला तर गिऱ्हाईक फसविल्याची तक्रार करतें. अतिथि तोच पाऊस यजमानाच्या अंगणांतहि पडत आहे, हें पाहतो.

अतिथीस शहर काय देऊं शकतें याचा एक पुरावा फ्लॉरेन्समध्येंच आहे, आणि तो आपल्या माणसाचा आहे. कोल्हापूरचे छत्रपति राजाराम महाराज १८७० सालीं युरोपांत गेले. ते रोजनिशी लिहीत; ती पुढें १८७२ सालीं प्रसिद्ध झाली. सोबत मंडळी होती, बेत आंखलेले होते. परंतु परततांना ३० नोव्हेंबर रोजीं फ्लॉरेन्स येथें अवघ्या विसाव्या वर्षीं त्यांचा अंत झाला. तेथें त्यांस कोण ओळखत होतें? तरी त्या शहरानें आर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमावर, आपल्या रीतीप्रमाणें, त्यांचें दहन होऊं दिलें. काशिने उद्यानाच्या टोकाला १८७४ सालीं उभारलेलें त्यांचें स्मारक छत्रीखालीं अजून उभें आहे. आखलेला प्रवास जेथें संपला तेथें खरें आतिथ्य सुरू झालें, असें म्हणावयास हरकत नाहीं.

तेव्हां आमच्या मतें तयारी दोन प्रकारची आहे: एक आपल्याला कांहीं कमी पडूं नये म्हणून केलेली, आणि दुसरी आपल्यामुळें दुसऱ्यास कांहीं कमी पडूं नये म्हणून केलेली. पहिली आम्ही सोडलेली नाहीं. विमा उतरविला आहे, तक्ताहि आहे. परंतु तीनच शहरें, प्रत्येकीं पांच रात्री, आणि प्रत्येक शहरांत एक दिवस अगदीं कोरा, असें आतां ठरलें आहे. 'कृपा करून' आणि 'क्षमा असावी' हे शब्द जर्मन व इटालियन भाषांत रोज सकाळीं चहाच्या वेळीं घोकले जातात. फ्लॉरेन्सच्या कोऱ्या दिवसांतील सकाळ मात्र आमच्या पत्नीनेंच भरून टाकली आहे. त्या दिवशीं आम्ही नदीच्या कांठानें संगमापर्यंत पायीं जाणार आहों. तिकीट लागत नाहीं.