औषधाचं मूळ

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात. औषधाचं मूळ मात्र शोधायला हवं, कारण आपण कुणाचं काय देणं लागतो हा प्रश्न तिथेच दडलेला असतो.

रायपूरच्या गोल बाजारात जडीबुटीच्या दुकानांत मुळ्या, साली, बिया पोत्यांतून मांडलेल्या असतात. ‘ये कहाँ से आता है?’ असं विचारलं की बहुधा एकच उत्तर मिळतं: ‘जंगल से.’ अनुवादक म्हणून मला हे उत्तर ओळखीचं वाटतं. लोककथांच्या जुन्या संग्रहांत सांगणारीच्या नावाऐवजी ‘लोकपरंपरा’ असं छापलेलं असतं. त्यात खोटं काही नसतं, फक्त माणूस नसतो.

सर्पगंधेचं उदाहरण घ्या. बिहारमध्ये ही मुळी ‘पागल की दवा’ म्हणून विकली जाई. युरोपीय वनस्पतिशास्त्राने तिच्या प्रजातीला राउव्होल्फ या सोळाव्या शतकातल्या जर्मन वैद्याचं नाव दिलं. तो गृहस्थ भारतात कधी आलाच नव्हता. १९३१ साली दिल्लीत सलीमुज्जमान सिद्दिकींनी या मुळीतून एक द्रव्य वेगळं केलं आणि हकीम अजमल खानांच्या स्मरणार्थ त्याला ‘अजमलिन’ म्हटलं. १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवरील तिच्या परिणामांची निरीक्षणं ब्रिटिश हृदयरोग-नियतकालिकात मांडली. त्यानंतर जगाचं लक्ष तिच्याकडे वळलं. १९५२ मध्ये बासेलच्या सिबा कंपनीतल्या संशोधकांनी रिसर्पिन वेगळं केलं आणि ‘सर्पासिल’ नावाची गोळी बाजारात आली. संस्कृत, लॅटिन आणि व्यापारी नाव अशा तिन्ही भाषांतरांत साप टिकला. मुळी ओळखणारा, खणणारा माणूस पहिल्याच भाषांतरात गळला.

मग हे औषध कुणाचं? ‘सगळं आमच्या पूर्वजांना ठाऊकच होतं’ हे उत्तर मला पटत नाही. मुळीतल्या द्रव्याचं प्रमाण माती, हंगाम, साठवण यांनुसार बदलतं. मिलिग्रॅमच्या अंशात मोजून द्यायचं औषध चिमटीने देणं धोक्याचं. रिसर्पिनमुळे काही रुग्ण खिन्न होतात, हे नोंदी ठेवल्यामुळेच कळलं. त्या नोंदींनी पुढे मेंदूतल्या रसायनांच्या अभ्यासालाही दिशा दिली. प्रयोगशाळेने काही चोरलं नाही, तिने भर घातली. पण ‘रेणू सापडला तेव्हाच शोध लागला’ हेही तितकंच अर्धवट आहे. हजारो वनस्पतींतून नेमकी हीच मुळी तपासायला घ्यावी, हे कुणीतरी आधीच सांगून ठेवलं होतं. निवड हेही ज्ञानच असतं. अनुवादकाला हे वेगळं सांगावं लागत नाही.

खरी अडचण पुढे आहे. जखमेवर हळद लावण्याचं अमेरिकेतलं पेटंट १९९७ मध्ये रद्द झालं. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे प्रमुख होते. ती लढाई जिंकली गेली ती लिखित पुराव्यांवर. तेव्हाच्या अमेरिकी कायद्यात परदेशातल्या वापराला छापील आधार लागे. आजीचा हात पुरेसा नव्हता. त्यानंतर भारताने पारंपरिक ज्ञानाचं डिजिटल ग्रंथालय उभारलं. संस्कृत, अरबी, फारसी, तमिळ ग्रंथांतले योग इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, जपानी भाषांत नेले. अनुवाद इथे ढाल झाला, याचा मला अभिमान आहे. पण ढाल मिळाली ती ग्रंथांना. ज्यांचं ज्ञान हलबी, गोंडी, छत्तीसगढीत तोंडी चालत आलं, ते उघड्यावरच राहिले.

लिहिलेलं असण्याचा दुसरा परिणाम आणखी विचित्र आहे. जैवविविधता कायद्यात २०२३ साली झालेल्या दुरुस्तीने ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञान वापरणाऱ्यांना स्थानिक समाजांशी लाभ वाटून घेण्यातून सूट दिली. म्हणजे ज्ञान ग्रंथात नसेल तर सिद्ध करता येत नाही, आणि ग्रंथात असेल तर देणं फिटलं असं समजायचं! ग्रंथ लिहिणाऱ्यानेही ते कुणाकडून तरी ऐकलंच असेल. आणि ग्रंथात नाव असलेली मुळी आजही कुणीतरी उन्हात खणून आणतंच आहे.

मालकीचा प्रश्न इथे चुकीचा वाटतो. अनुवादित कविता माझ्या मालकीची नसते, पण तिच्या चुकांची जबाबदारी माझी असते, आणि मूळ कवीचं नाव मुखपृष्ठावर लागतं. हक्काचा पैसाही त्याला पोचवावा लागतो. औषधाबाबत एवढं तरी व्हावं. ज्ञान एकाचं नसतं, मग नाव कुणाचं लिहायचं, असा आक्षेप येईल. तो योग्य आहे. माणसाचं लिहिता येत नसेल तर गावाचं लिहावं, बोलीचं लिहावं, आणि लिहिण्याआधी त्यांना विचारावं. सिद्दिकींना हे १९३१ मध्ये सुचलं होतं. त्यांनी नाव दिलं ते हकिमाचं. हकिमाच्याही मागे मुळी आणून देणारं कुणीतरी होतं. आपलं काम तिथून पुढचं आहे.