उपाशी यजमान

जबलपूर शहराच्या जुन्या भागात, सराफा आणि बडा फुहारा यांच्या गजबजाटात, कमानिया गेट उभे आहे. 1939 साली शहराजवळ त्रिपुरी येथे भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाची ती आठवण. त्या अधिवेशनाचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस तापाने फणफणलेले होते आणि त्यांना स्ट्रेचरवरून मंडपात आणावे लागले, ही हकीकत अनेकांना ठाऊक असते. त्या प्रसंगाशी निगडित असलेल्या आणखी दोन गोष्टी मात्र सहसा कोणी आठवत नाही. महात्मा गांधी त्या अधिवेशनास आले नव्हते. 3 मार्च रोजी त्यांनी राजकोट येथे उपोषण आरंभिले होते आणि ते 7 मार्चला सुटले, तरी त्रिपुरीस येणे त्यांना झाले नाही. दुसरी गोष्ट अशी की, इजिप्तमधील वफ्द पक्षाचे शिष्टमंडळ त्याच अधिवेशनाला पाहुणे म्हणून आले होते. घरचा माणूस उपोषणापायी दूर राहिला आणि समुद्रापलीकडचा पाहुणा दारी आला, अशा योगाची खूण या वास्तूत नकळत राहून गेली आहे. उपास आणि आतिथ्य यांचा संबंध काय, हा प्रश्न विचारण्यास याहून योग्य जागा क्वचितच सापडेल.

रमजानच्या महिन्यात हा प्रश्न तेथे केवळ तात्त्विक उरत नाही. हनुमानताल, गोहलपूर या बाजूंच्या वस्त्यांतून दिवस मावळताना एक प्रकारची घाई आणि तिच्यामागोमाग एक प्रकारची शांतता पसरते. या शहरात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. अठराव्या शतकाच्या अखेरीस हा मुलूख मराठी सत्तेखाली आला, तेव्हापासूनचा तो ऋणानुबंध आहे. अशाच एखाद्या मराठी घरातील तरुणाला त्याच्या मुसलमान मित्राने सुट्टीचे दोन दिवस घरी राहावयास बोलाविले, अशी कल्पना करावी. 2025 साली असा योग खरोखरच जुळून आला होता. गुढीपाडवा रविवारी, 30 मार्चला होता. त्याच संध्याकाळी चंद्रदर्शन झाले आणि सोमवारी ईद साजरी झाली. शनिवारी मित्राच्या घरी उतरलेल्या पाहुण्याच्या वाट्याला महिन्याचे अखेरचे दोन रोजे आले असते. त्यांतला एक तर त्याच्या स्वतःच्या वर्षप्रतिपदेचा दिवस असता.

दुपार होते. घरातील कर्ती माणसे पहाटेपासून निर्जळी आहेत. तरीही पाहुण्यापुढे ताट येते. त्या क्षणी त्याने काय करावे? जेवावे, तर उपाशी माणसाच्या डोळ्यांदेखत आणि त्याच्याच हातचे जेवावे लागते. नको म्हणावे, तर अन्नाचा आणि वाढणाऱ्याचा अवमान होतो. आपणही उपास धरला आहे असे सांगावे, तर ज्या श्रद्धेतून तो उपास येतो ती श्रद्धा त्याच्यापाशी नाही. प्रसंग लहान आहे. परंतु दुसऱ्याच्या धर्माचा आदर म्हणजे नेमके काय, हा मोठा प्रश्न त्या लहान ताटात वाढून येतो.

या प्रश्नाची उत्तरे भारतीय परंपरेत शोधू गेल्यास आरंभीच एक विस्मय वाट्याला येतो. यज्ञाच्या आदल्या दिवशी यजमानाने का खाऊ नये, याची चर्चा शतपथ ब्राह्मणाच्या अगदी सुरुवातीस आली आहे. उद्या यज्ञ होणार हे जाणून देव आदल्या दिवशीच त्याच्या घरी येऊन राहतात. आणि घरी आलेल्या माणसांच्या आधी जेवणे जर अनुचित, तर देवांच्या आधी जेवणे किती अनुचित, असा त्या विवेचनाचा आशय आहे. उपवास या शब्दाचा मूळ अर्थच जवळ राहणे असा आहे. म्हणजे तेथे उपास ही देहदंडाची रीत म्हणून येत नाही, तर यजमानधर्माचा एक भाग म्हणून येते. घरात अतिथी आहे, म्हणून यजमान उपाशी आहे. त्याच ठिकाणी याज्ञवल्क्याने सुचविलेली तडजोडही नमूद आहे: जे खाल्ले असता न खाल्ल्यासारखेच होते, ते अरण्यातले अन्न खावे. मराठी घरांतील फराळाचे मूळ येथवर नेता येते. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण ज्यांनी रचली, त्यांनी त्या तडजोडीचे पुढे काय झाले तेही सांगून ठेवले आहे.

भागवतातील रंतिदेव हा याच विचाराचा परमोत्कर्ष होय. अठ्ठेचाळीस दिवस पाण्याचा थेंबही न मिळालेल्या या राजापुढे अखेर अन्न येते आणि त्याच वेळी एकामागून एक अतिथी येत राहतात. अन्न संपते. उरलेले पाणी तो ओठांशी नेणार, इतक्यात ज्याला समाजाने सर्वांत खालचा ठरविले असा एक तहानलेला माणूस येतो आणि राजा ते पाणीही त्याला देतो. या कथेचे श्रोते नेहमी रंतिदेवाकडे पाहतात. त्या अतिथींना आपला यजमान उपाशी आहे हे माहीत होते काय, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. जबलपूरच्या घरातील पाहुण्याला ते माहीत आहे. त्याची अडचण रंतिदेवाच्या अतिथींहून वेगळी आहे, ती या जाणिवेमुळे.

येथे रोजाच्या नियमांकडेच वळणे इष्ट ठरते. कुराणाने रोजाचा आदेश जेथे दिला आहे, तेथेच आजारी माणसाला आणि प्रवाशाला त्यातून सवलत दिली आहे. सुटलेले दिवस त्यांनी पुढे भरून काढावयाचे असतात. लहान मुले आणि अशक्त वृद्ध यांच्यावरही तो भार नाही. म्हणून रमजानमध्ये घरची चूल दिवसा सर्वस्वी थंड नसते. आजीची पेज होते, धाकट्या मुलांचे जेवण होते. पाहुण्यापुढे आलेले ताट हे नियमाला पाडलेले खिंडार नसून नियमानेच मोकळी ठेवलेली जागा आहे. दूरवरून आलेला मुसलमान पाहुणाही दुपारी जेवला असता तर कोणी भुवई उंचावली नसती; मग ज्याच्यावर हा नियम मुळीच लागू नाही त्याने संकोचाने मान खाली का घालावी? खरे पाहता पाहुण्याच्या संकोचामागे एक सूक्ष्म गैरसमज दडलेला असतो. यजमानाचा उपास म्हणजे त्याच्यावर ओढवलेले दुःख आहे आणि आपले जेवण त्या दुःखात भर घालीत आहे, असे तो धरून चालतो. यजमानाच्या लेखी मात्र ते दुःख नाही. त्याने पत्करलेली ती शिस्त आहे. तिची कीव करणे म्हणजे तिचे मोल कमी करणे होय.

कोणता उपास दुसऱ्यावर ओझे टाकतो आणि कोणता टाकीत नाही, हा विवेक येथे महत्त्वाचा ठरतो. राजकोटच्या उपोषणाकडे पाहिल्यास तो स्पष्ट होतो. त्या उपोषणाने दुसऱ्या पक्षाकडून काही मागितले होते, आणि व्हाइसरॉयच्या मध्यस्थीने ते मिळालेही. परंतु पुढे मे महिन्यात गांधींनी स्वतःच कबूल केले की, त्या उपोषणात हिंसेचा अंश मिसळला होता. त्यातून पदरी पडलेला अनुकूल निवाडाही त्यांनी सोडून दिला. दुसऱ्याच्या मनावर भार ठेवणारी भूक शुद्ध राहत नाही, हे त्यांनी स्वतःच्या अनुभवावरून ओळखले. रोजा धरणारा यजमान पाहुण्याकडून काहीच मागत नाही. पाहुण्याने उपाशी राहावे असेही नाही, आणि त्याने आपले कौतुक करावे असेही नाही. ज्या भुकेत मागणी नाही, तिच्यासमोर अपराधी वाटून घेण्याचेही कारण नाही.

मग पाहुण्याने एक दिवस सोबत म्हणून रोजा धरला तर? याला सरसकट नकार देता येत नाही. घरातील सर्व माणसे पहाटे सहरीला उठली असताना त्यानेही उठावे, चार घास खावेत आणि संध्याकाळपर्यंत थांबावे, यात मैत्रीचा ओलावा असू शकतो. देहाला तहान कळली म्हणजे शेजाऱ्याचा महिना कळतो, हेही खरे. हिजरी वर्षात अधिक मास धरीत नाहीत. त्यामुळे रमजान दरवर्षी सुमारे अकरा दिवस मागे सरकतो आणि साधारण तेहतीस वर्षांत सर्व ऋतूंतून फिरून येतो. वैशाखाच्या उन्हातला जबलपुरातील रोजा आणि पौषातल्या थंडीतला रोजा यांत किती अंतर आहे, ते पुस्तकातून उमगणारे नव्हे. परंतु पाहुण्याचा एक दिवस आणि यजमानाचा महिना यांत एक मूलभूत भेद राहतोच. पाहुण्याला तो दिवस अनुभव म्हणून हवा असतो; यजमानाला तो हवा की नको हा प्रश्नच नसतो. हा भेद विसरून पाहुणा संध्याकाळी आपल्या सोसण्याचे वर्णन करू लागला, तर त्याने दुसऱ्याच्या घरी जाऊन आपलाच सत्कार घडवून आणला असे होईल. धरावयाचा तर रोजा मुकाट्याने धरावा, आणि धरावयाचा नसेल तर मुकाट्याने जेवावे.

पाहुण्याच्या न उपासण्यालाही त्या घरात एक उपयोग सापडू शकतो. मावळतीच्या आधी स्वयंपाकघरात भजी तळली जात असतात, चणे शिजत असतात, फळे चिरली जात असतात; आणि रांधणारीला मीठ चाखून पाहण्याची सोय नसते. ती अंदाजाने घालते. अशा वेळी ‘बेटा, जरा नमक देखो’ असे म्हणून तिने वाटी पुढे केली, तर सर्वांच्या वतीने चाखण्याचे काम पाहुण्याच्या वाट्याला येते. तो त्यांच्यासारखा नाही, हेच त्याचे त्या घरातील स्थान ठरते. एकमेकांसारखे होणे म्हणजेच जवळ येणे, ही समजूत फार प्रचलित आहे. त्या वाटीने ती खोटी पडते.

तरीही या प्रश्नाचा अवघड भाग अजून पुढेच आहे. तो ताटात नसून भांड्यांत आहे. मोरोक्कोतील तांजियर येथून 1325 साली निघालेला इब्न बतूता पुढे दौलताबाद, नंदुरबार या मराठी मुलखांतून गेला. भात, भाज्या आणि तिळाचे तेल हा मराठ्यांचा आहार आणि जेवणापूर्वी स्नान करण्याची त्यांची रीत त्याने टिपून ठेवली आहे. पुढे मलबारचे वर्णन करताना त्याने लिहिले की, तेथील लोक मुसलमानाला घरात घेत नाहीत आणि आपल्या भांड्यांत जेवू देत नाहीत. जेथे मुसलमानांचे घर नसे तेथे ते त्याला रांधून देत, पण केळीच्या पानावर वाढीत. त्याच्या लेखणीत फारसा संताप नाही. पण सहा शतकांहून अधिक काळ लोटला तरी ते पान मराठी वाचकाला अस्वस्थ करते, कारण वेगळी कपबशी ही अनेक सुसंस्कृत मराठी घरांतील फळीवर विसाव्या शतकातही होती. घरातील कोणी तिचा उल्लेख करीत नसे. पाहुण्याला मात्र ती ओळखता येत असे.

त्याच पाहुण्याचा नातू आज यजमान आहे, असे समजू. त्याने शाकाहारी मित्रासाठी बाजारातून नवे पातेले आणले आणि त्याचे जेवण त्यात वेगळे शिजविले. बाहेरून पाहता दोन्ही कृती सारख्याच दिसतात: पाहुण्यासाठी वेगळे भांडे. परंतु एका घरी ते भांडे यजमानाच्या शुद्धतेचे रक्षण करीत होते, दुसऱ्या घरी ते पाहुण्याच्या नियमाचे रक्षण करीत आहे. कृतीचे नैतिक मूल्य तिच्या आकारात नसून ती कोणासाठी केली यात असते, याचे इतके साधे उदाहरण नीतिशास्त्राच्या ग्रंथांतही मिळणे कठीण. आणि म्हणूनच ते नवे पातेले पाहून पाहुण्याला जो संकोच वाटेल तो दुपारच्या जेवणाच्या संकोचासारखा निराधार नसेल. त्या संकोचाला इतिहास आहे.

जबलपूरला तर तो इतिहास अधिक जवळचा आहे. 1961 च्या फेब्रुवारीत या शहरात दंगल उसळली. स्वातंत्र्योत्तर भारताला हादरा देणाऱ्या आरंभीच्या मोठ्या दंगलींत तिची गणना होते. त्याच वर्षी दिल्लीत राष्ट्रीय एकात्मता परिषद बोलाविण्यात आली, तीमागे या दंगलीचाही धक्का होता. त्याच महिन्याच्या उत्तरार्धात रमजान सुरू झाला. त्या संध्याकाळी किती दारे उघडी राहिली असतील आणि कोणाला बोलावण्याचे धैर्य कोणाला झाले असेल, याची कल्पनाच करावी लागते. अशा शहरात दुसऱ्याला घरी झोपावयास बोलाविणे ही केवळ अगत्याची गोष्ट राहत नाही. यजमान आपल्या घराच्या आतल्या खोल्या दाखवितो, पहाटेची झोपाळू मुले दाखवितो आणि आपले दुबळेपणही दाखवितो. पाहुणाही डोळे मिटून तेथे झोपतो. विश्वास हा शब्द भाषणांत उच्चारणे सोपे आहे. येथे तो एका रात्रीपुरता का होईना, प्रत्यक्षात आणावा लागतो.

‘मेजवानी’ हा शब्द मराठीत फारसीतून आला. फारसीत मेजबान म्हणजे यजमान, आणि मेजबानी म्हणजे यजमानपण. मराठीने मात्र त्या शब्दातील यजमान गाळला आणि पक्वान्ने तेवढी ठेवून घेतली. ज्या कमानीवरून गेटाला नाव मिळाले ती कमानही फारसीच. ती दोन्ही बाजूंनी मोकळी असते. पाहुण्याने दुपारी जेवावे की नाही, याचे उत्तर वर आले आहे: त्याने निःसंकोच जेवावे, अजान झाल्यावर यजमानासोबत खजूर घ्यावा, आणि दोन्ही वेळी तेवढ्याच मोकळ्या मनाने घ्यावा. परंतु त्याच्यावरचे ऋण तेथे फिटत नाही. ते फेडण्याची वेळ पुढे येते. पुढच्या पाडव्याला तो मित्र सहकुटुंब दारात उभा राहील, तेव्हा त्याला बैठकीत बसवून परत पाठविले जाईल, की स्वयंपाकघराशेजारच्या पंक्तीत, घरच्याच ताटावर, पुरणपोळी वाढली जाईल? त्या वेळी निर्णय एकट्या तरुणाच्या हाती नसेल. घरात आई असेल, आजी असेल, आणि फळीवर कदाचित जुनी कपबशीही असेल. दोन दिवसांचा पाहुणचार त्याने कसा घेतला, याची खरी परीक्षा त्या दिवशी, त्याच्या स्वतःच्या घरात होईल.